कडक चिमट्याची सबब

माणसाने सबब सांगावी, पण दुरुस्त करता येईल अशी सांगू नये. लिबार्दो बुरितिकाचं चुकलं ते इथेच. पाठ धरते म्हणाला असता तर चार जणांनी चार लेप सुचवले असते, आईने एखाद्या संतापुढे मेणबत्ती लावली असती आणि विषय मिटला असता. पण तो म्हणाला, "काय करणार, माझ्या सायकलचा चिमटा कडक आहे ना!" आणि तेही ला कुंब्रेरामध्ये. या वस्तीत कुणाचं काही बिघडलेलं लोकांना बघवतच नाही. गॅसची शेगडी असो, रेडिओ असो, नाहीतर मोडत आलेलं लग्न असो, पाना घेऊन शेजारी दारात उभे.

वस्ती म्हणजे एक जिनाच आहे. वर डोंगरमाथ्यावर चॅपेल, खाली बसचा रस्ता, मध्ये चारशेबारा पायऱ्या, ठरावीक अंतरावर सपाट टप्पे आणि दोन्ही बाजूंना एकमेकांच्या खांद्यावर बसलेली घरं. दर जानेवारीत मानिसालेस शहराची जत्रा भरते तेव्हा या पायऱ्यांवरून सायकलची शर्यत होते. वरून सुटायचं, खाली हातपाय शाबूत ठेवून पोचायचं, सगळ्यात आधी पोचेल तो जिंकला. शहरातून येणाऱ्यांच्या सायकलींना पुढे शॉकअप असायचे. पायऱ्या गिळत गिळत त्या खाली यायच्या. लिबार्दोची सायकल जुनी, पोलादी. पुढचं चाक धरणारा चिमटा म्हणजे नुसत्या दोन सरळ नळ्या, त्यात ना स्प्रिंग ना काही. चाकाला बसलेला प्रत्येक दणका थेट दाढेपर्यंत जायचा. त्याच सायकलवर तो एकदा तिसरा आला होता आणि दोनदा दुसरा. "पोराच्या मनगटातच स्प्रिंग आहे," असं नेस्तोर खाटीक मांस तोलता तोलता गिऱ्हाइकांना सांगायचा. लिबार्दो अडतीस वर्षांचा झाला तरी नेस्तोरच्या लेखी पोरच होता.

चार वर्षांपूर्वी सातव्या टप्प्यावर, नेस्तोरच्याच दुकानासमोर, पुढचं चाक वाकडं गेलं. खांद्याचं हाड मोडलं, ते सहा आठवड्यांत जुळलं. जुळलं नाही ते दुसरंच. पडल्यावर त्याने डोळा उघडला तेव्हा पायरीची कड डोळ्यापासून बोटभर अंतरावर होती आणि तिच्यावरून एक मुंगी निवांत चालली होती. बस्स, एवढंच. पण पुढच्या वर्षी सातवा टप्पा आला आणि त्याच्या हातांनी त्याला न विचारता दोन्ही ब्रेक दाबले. तो एकोणिसावा आला. खाली नेस्तोरने विचारलं, "काय झालं रे?" आणि त्याच्या तोंडून चिमट्याचं नाव निघून गेलं.

लोकांनी ते उचलून धरलं. "खरंच की! इतकी वर्षं त्या लोखंडावर बसून उतरला, हेच नवल!" लिबार्दोला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. एखाद्या माणसाला पडायला इतकी मऊ गादी मिळाली की तो उठत नाही, त्यातली गत.

चौथ्या वर्षी त्याच्या आईने, ओफेलियाबाईंनी, नव्या स्प्रिंगवाल्या चिमट्याचे पैसे जमवायला कंबर कसली. तीन महिने दर शनिवारी त्यांच्या अंगणात केळीच्या पानांत बांधलेले तामाल शिजत होते आणि अख्खी वस्ती ते विकत घेत होती. काही जण तर दोन-दोनदा. चॅपेलच्या आवारात डुकराच्या पिलाची सोडत झाली. ज्याला पिलू लागलं त्याने ते परत देऊन पुन्हा सोडत लावायला सांगितली. आणि एके दिवशी नेस्तोर आपल्या दुकानातल्या टेलिफोनवरून बोगोताच्या सायकलवाल्याशी बोलत असताना बाहेर डोकं काढून ओरडला, "लिबार्दो! तो विचारतोय, तुझ्या फ्रेमची मान जाड की बारीक?"

मान म्हणजे ज्या नळकांड्यातून चिमट्याची नळी वर हँडलपर्यंत जाते ते. लिबार्दोला आपल्या सायकलची मान स्वतःच्या मानेपेक्षा जास्त ठाऊक होती. जुन्या फ्रेमची ती बारीक मान, आजकाल तशी कुणी बनवत नाही.

"जाड," तो म्हणाला.

एकच शब्द. येईल, बसणार नाही, परत जाईल, आणि दोष कुणालाच जाणार नाही, असा त्याचा हिशोब होता. पाप एवढंसं होतं, पण ज्या लोकांनी दोन-दोनदा तामाल घेतले त्यांच्या तोंडावर केलेलं होतं. त्या दिवसापासून तो नेस्तोरच्या दुकानासमोरून जाताना पावलं झपाझप टाकू लागला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, रुबिएलाबाईंच्या गॅरेजसमोर माणूस मावत नव्हता. रुबिएलाबाई पन्नाशीच्या, केसांवर रुमाल, तोंडात नेहमी एक खिळा. वस्तीतली प्रत्येक सायकल त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी जुना चिमटा उतरवला, छर्रे काढून रॉकेलच्या डब्यात टाकले, नवा चिमटा खोक्यातून बाहेर काढला. तांबडा, चकचकीत. दाबला की दमदार श्वास सोडत खाली जायचा आणि तसाच वर यायचा. लोकांनी तो हातोहात फिरवून दाबून पाहिला. बारशाचं पोरही इतक्या हातांत फिरत नाही.

रुबिएलाबाईंनी त्याची नळी फ्रेमच्या मानेला लावली. नळी गेली नाही. फिरवून लावली. तोंडातला खिळा काढला.

"जाड आहे," त्या म्हणाल्या.

लिबार्दोने आठवडाभर घोकलेला चेहरा केला. "अरेरे," तो म्हणाला. "जाऊ दे. नशीब म्हणायचं. परत पाठवू आपण. मी उतरेन आपला जुन्यावरच."

ओफेलियाबाई खुर्चीतून उठल्या नाहीत, पण त्यांचे हात मांडीवर पडले ते पडलेच. लिबार्दोने ते पाहिलं. त्याच वेळी खांद्यांवरून पोतं उतरल्यासारखंही वाटलं, आणि याची त्याला लाज वाटली.

"परत कशाला?" मागून आवाज आला. "फक्त नळीच जाड आहे ना? मग नळी बदलू."

एवेलियो मास्तर पुढे आले. सत्तरीचे, बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात कायम जाडी मोजायचं व्हर्नियर. त्यांच्या घरात तळमजल्यावर लेथ मशीन होतं. पन्नास वर्षं त्यांनी आसपासच्या मळ्यांतल्या कॉफी सोलायच्या यंत्रांचे दांडे घडवले होते. आता मळेवाले शहरातून तयार भाग आणत आणि मास्तरांचं लेथ आठवड्यातून एकदा धूळ झटकण्यापुरतं फिरे.

"ती नळी वरच्या आडव्या ठोकळ्यात दाबून बसवलेली असते," मास्तर चिमटा उलटा करून म्हणाले. "ही काढू. नवी लेथवर कातू. खालून ठोकळ्याला बसेल अशी, वरून तुझ्या फ्रेमला. दोन तास लागतील."

"मास्तर, उगाच त्रास कशाला..." लिबार्दो म्हणाला.

"त्रास?" नेस्तोर ओरडला. "बघा रे, अजून लाजतोय! आई मारिया, किती साधा माणूस!"

सगळे मास्तरांच्या मागून निघाले. लिबार्दो तिथेच दगडावर बसून राहिला. खालच्या घरातून लेथचा आवाज येऊ लागला, एकसुरी, बारीक, आणि तो ऐकत राहण्यावाचून दुसरं काही हातात नव्हतं. मध्ये आईने काळ्या कॉफीचा पेला आणून दिला. "आता बघ," त्या म्हणाल्या, "उद्या तुझ्या हाताला एक दणका लागणार नाही. मी रोज तुझी मनगटं बघते रे. बोलत नाही, पण बघते." त्याने कॉफी प्यायली. गोड होती.

दोन तास म्हणाले होते, मास्तरांनी दीड तासात चिमट्याला नवी नळी बसवून आणली. अंगाला लोखंडाचा कीस, चष्म्यावर तेल, आणि चेहरा असा की दहा वर्षांनी लहान. नळी फ्रेमच्या मानेत गेली ती हात लोण्यात जावा तशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर म्हणाले, "वरून जरा लांबच ठेवलीय. कापता येतं, जोडता येत नाही."

आणि इथे लिबार्दोला शेवटचं दार दिसलं.

रुबिएलाबाईंच्या गॅरेजचा एक नियम होता: नळी कुठे कापायची ती खूण मालकाने स्वतःच्या हाताने करायची. नंतर भांडण नको. नळी आखूड कापली गेली की हँडलला धरायला जागाच उरत नाही आणि चिमटा भंगारात. त्यांनी त्याच्या हातात खिळा दिला. लोक मास्तरांभोवती जमून नळीचं कौतुक करत होते. लिबार्दो वाकला, माप घेतल्यासारखं केलं आणि हवी त्याच्या दोन बोटं खाली खूण ओढली. रेघही वाकडी आली.

रुबिएलाबाईंनी करवत घेतली. खुणेवर पातं टेकवलं. मग पातं उचललं आणि खुणेवर अंगठा ठेवला.

"ही खाली आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"असं? माझं लक्ष नव्हतं."

"लिबार्दो, तू वयाच्या पंधराव्या वर्षापासून माझ्याकडे नळ्या कापून घेतोयस. तुझी खूण केसभरही चुकलेली मला आठवत नाही."

त्याने खिळा त्यांना परत केला.

"मी कापते हवं तर इथेच," त्या म्हणाल्या. "मला काय! पण मास्तरांच्या घरी अजून दोन हात सळई पडलीय. ते दुसरी करतील. दुपारपर्यंत तिसरीही करतील. त्यांना आज कुणी थांबवू शकणार नाही."

लिबार्दोने मास्तरांकडे पाहिलं. ते नेस्तोरला व्हर्नियर कसं धरायचं ते शिकवत होते.

"तुम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"चार वर्षं तुझ्या ब्रेकची रबरं मी बदलतेय. ज्याला चिमट्याचा त्रास असतो त्याची मनगटं जातात. ज्याची रबरं जातात त्याला दुसराच त्रास असतो."

"मग बोलला का नाहीत?"

"मी रबरं बदलते बाबा. तोंड तुझं आहे." त्यांनी अंगठ्याने खूण झाकली आणि खिळा पुन्हा त्याच्या हातात दिला.

त्याने खूण केली. या वेळी बरोबर जागी. करवतीचा आवाज चालू होता तोवर तो डोळे मिटून उभा होता.

चिमटा बसला. नवा चिमटा उंच असल्यामुळे सायकलने पुढून मान वर केली, एखाद्या माजलेल्या घोड्यासारखी. ओफेलियाबाईंनी तिच्या हँडलला पांढरी फीत बांधली. मग जे होणार होतं तेच झालं. नेस्तोर म्हणाला, "आता एकदा उतरून दाखव! उद्या गर्दीत आम्हाला काय दिसणार?" आणि दोघांनी सायकल खांद्यावर घेतलीसुद्धा.

चॅपेलपर्यंत चढताना लिबार्दोने नेस्तोरचा दंड धरला. खरं सांगायचं त्याने ठरवलं. खरंच ठरवलं.

"नेस्तोर, मला भीती वाटते."

नेस्तोर पायऱ्यांवर थांबून इतका हसला की त्याला खोकला आला. "अहो ऐकलं का! लिबार्दोला भीती वाटते! माझ्या दुकानासमोर हाड मोडून उठून म्हणाला होता, माझी सायकल ठीक आहे ना? त्याला भीती!"

"खरंच सांगतोय."

"वाटणारच! नव्या सायकलवर नवऱ्या मुलासारखं होतं माणसाला. चल, चल."

वरच्या घरांतून बायका हसल्या. एकीने त्याच्यावर क्रूसाची खूण केली. खरं बोलून दाखवलं आणि कुणी घेतलंच नाही, याला काय म्हणावं! खोटं मात्र तीन वर्षांपूर्वी एका दमात घेतलं होतं सगळ्यांनी.

चॅपेलच्या ओट्यावर तो सायकलवर बसला. खाली सातव्या टप्प्यावर, जिथे जागा रुंद आहे तिथे, सगळे जाऊन उभे राहिले होते. आई खाटकाच्या बाकावर. तिच्या शेजारी एवेलियो मास्तर, हात गुडघ्यांवर, आपली नळी काम करताना पाहायला आलेले. मागे चॅपेलचं बंद दार, दोन्ही बाजूंना भिंती, पुढे पायऱ्या. त्याने पाय उचलला.

आणि चिमटा खरोखरच अप्रतिम होता! पहिल्या पायऱ्या आल्या आणि गेल्या, हाताला काही कळलंच नाही. दुसरा टप्पा, तिसरा. दातांवर दात आपटले नाहीत, डोळ्यांपुढे काही हललं नाही. एखाद्याच्या खांद्यावर बसून उतरावं तसं. चौथा, पाचवा. त्याला क्षणभर वाटलं, खरंच चिमट्याचंच होतं की काय सगळं! आपणच उगाच स्वतःला भित्रा म्हणत होतो! सहावा टप्पा त्याने ओरडत घेतला आणि खालून अख्खी वस्ती ओरडली.

मग सातव्या टप्प्याची कड दिसली. कसलाही दणका नव्हता, कसला आवाज नव्हता, मनगटं मोकळी होती, आणि त्याच्या बोटांनी दोन्ही ब्रेक आवळले. लोकांपासून सहा पायऱ्या वर सायकल थांबली. नवा चिमटा हळूच खाली बसला आणि हळूच वर आला.

तो उतरला. सायकल धरून सहा पायऱ्या चालत खाली आला. सहा पायऱ्यांना इतका वेळ लागतो हे त्याला माहीत नव्हतं.

"काय झालं?" नेस्तोर. "काही सुटलं का?"

"छर्रे घट्ट झाले असतील," कुणीतरी म्हणालं.

"टायरमधली हवा. मी सांगत होतो, हवा जास्त आहे."

"नळी," एवेलियो मास्तर म्हणाले. ते उठून उभे राहिले होते आणि खिशातून व्हर्नियर काढत होते. "हँडल हललं ना तुझ्या हातात? नळीच. घाई केली मी. दोन तास म्हणालो होतो तर दोन तास घ्यायचे. ठोकळ्यात बसवताना केसभर तिरकी गेली असेल."

"नळीच असणार," नेस्तोर म्हणाला. "चिमटा तर नवाकोरा." आणि पुढे समजुतीच्या सुरात, "वय झालं मास्तरांचं. डोळे तरी किती साथ देणार?"

सगळे मास्तरांकडे बघू लागले. रागाने नाही, कीव करत, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. म्हाताऱ्याचा सकाळपासून खुललेला चेहरा सगळा उतरला.

आता लिबार्दोला फक्त गप्प राहायचं होतं. खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. मान जरा हलवली असती, तर वस्तीने नवी सबब तयार करून, बांधून, हातात ठेवली होती. आणखी एक वर्ष निघालं असतं. दार उघडं होतं आणि दारात पन्नास वर्षं केसभर न चुकलेला माणूस उभा होता.

"नळी नाही, मास्तर," तो म्हणाला.

"मला सांभाळून घेऊ नकोस पोरा."

"नळी नाही. चिमटाही नाही. चार वर्षांत कधीच नव्हता." आवाज मोठा निघाला, त्याला नको होता तेवढा मोठा. "मी इथे आलो की घाबरतो. त्या दिवशी पडलो तेव्हापासून. हात आपोआप ब्रेक धरतात. चिमटा कडक आहे म्हणालो, कारण तुम्हाला ते पटलं. आणि मान बारीक आहे हे मला ठाऊक होतं, नेस्तोर. बसू नये म्हणून जाड सांगितली."

या वेळी कुणी हसलं नाही. त्याला वाटलं होतं, एकदा बोललं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. लोक जवळ होते तेवढेच जवळ होते, पण त्यांच्या नजरा त्याच्यावरून उठून पायऱ्यांवर, भिंतींवर, आपापल्या चपलांवर गेल्या. ओफेलियाबाई म्हणाल्या, "तीन महिने." त्यांच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. नेस्तोरने वर चॅपेलकडे हात केला. म्हणाला, "पण उद्याचं नाव दिलंय. चॅपेलच्या भिंतीवर लागलंय."

एवेलियो मास्तर मात्र खाली गुडघ्यावर बसले होते. त्यांनी हँडल सोडवलं, नळीला व्हर्नियर लावलं, वर, मध्ये, खाली. मग चष्मा कपाळावर घेऊन नळीकडे एक डोळा मिटून पाहिलं. कुणी हललं नाही.

"सरळ आहे," ते म्हणाले.

"मी तेच म्हणतोय, मास्तर. उत्तम आहे नळी."

मास्तरांनी व्हर्नियर शर्टाला पुसलं, खिशात ठेवलं आणि नेस्तोरच्या खांद्याचा आधार घेऊन उठले.

"नळीचं मला ठाऊकच होतं रे," ते म्हणाले. "तू सरळ आहेस का, ते ठाऊक नव्हतं."